सॉफ्टवेअरला पट्टी सांगता येते, राग नाही

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की एमआयडीसीच्या हद्दीत यंत्रमागांची खडखड कानावर येऊ लागते. चादरी आणि टर्किश टॉवेल विणणाऱ्या शेडमध्ये आवाजाची पातळी 90 डेसिबलच्या पुढे सहज जाते. भिंतीबाहेर ती उतरते, पण संपत नाही. हाच रस्ता पुढे सुमारे 40 किलोमीटरवर स्वामी समर्थांच्या अक्कलकोटला पोचतो. जिल्ह्यात पंढरपूर, शेजारी तुळजापूर, शहरात संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी अशा चार भाषांत गाणारे गळे. अभंग, आरती, भक्तिगीत, पोवाडा, जयंतीचे गाणे यांना इथे बारमाही गिऱ्हाईक आहे, आणि एक संगणक, एक माइक नि एक ऑडिओ इंटरफेस जमवला की ते रेकॉर्ड करणारी खोली कुठल्याही वसाहतीत थाटता येते. अशा खोल्यांत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "तुम्ही गा हो, सूर नंतर लावून घेऊ." हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. सूर नंतर लावता येतो, हे खरे. पण कोणता सूर लावायचा हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचे काम त्याच्यावर सोपवले तर बेसूर गायलेले थोडे सावरते, पण चांगले गायलेले हटकून बिघडते.

हे का होते ते कळायला यंत्र नेमके काय करते ते पाहावे लागेल. ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर 1997 मध्ये बाजारात आले. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या कंपनांचे विश्लेषण करत असत. जमिनीच्या पोटातून परतलेल्या लहरींमधली पुनरावृत्ती शोधण्याचे गणित त्यांनी गळ्याला लावले. गळ्यातून निघालेल्या स्वराची लहर ठरावीक काळाने स्वतःचीच नक्कल करते. तो काळ मोजला की स्वराची कंपनसंख्या मिळते. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, शेर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात ही दुरुस्ती मुद्दाम टोकाला नेली गेली आणि तो यांत्रिक, पायऱ्यापायऱ्यांचा आवाज जगभर पोचला. 2001 मध्ये जर्मनीच्या पीटर नॉयबेकर यांचे मेलोडाइन आले. त्यात गायलेला प्रत्येक स्वर पडद्यावर एका ठिपक्यासारखा दिसतो आणि हाताने वरखाली करता येतो. आज बाजारात असलेली बहुतेक साधने या दोन घराण्यांतली आहेत: गाणे सुरू असतानाच आपोआप ओढून घेणारी, आणि गाऊन झाल्यावर एकेक स्वर हाताने हलवू देणारी. दोन्हींमध्ये कामे दोनच. एक, स्वर किती कंपनांचा आहे ते मोजणे. दोन, तो किती असायला हवा होता ते ठरवणे. पहिले काम ही साधने माणसापेक्षा बारकाईने करतात. दुसऱ्या कामात ती आंधळी असतात: तुम्ही निवडून दिलेल्या बारा किंवा सात घरांपैकी जे जवळ असेल त्यात स्वर ढकलायचा, एवढाच त्यांचा निर्णय.

ती घरे कुणाची, हा खरा प्रश्न. काहीच न बदलता सॉफ्टवेअर उघडले तर ती पियानोची असतात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग. प्रत्येक भाग 100 सेंटचा. यात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर बसतो. पण नीट लावलेल्या तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार घुमतो, तो षड्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो आणि 386 सेंटवर असतो. तानपुरा ऐकत गाणाऱ्या गळ्याचा गंधार तिथेच जाऊन मिळतो. मिळाला की आवाज आणि तार एकजीव होतात आणि ऐकणारा मान डोलावतो. सॉफ्टवेअर मात्र त्याच क्षणी सांगते, स्वर 14 सेंट उतरला आहे, आणि तो वर ओढते. शुद्ध धैवताचेही असेच: 884 च्या जागी 900. कोमल गंधाराची चूक उलट्या दिशेने होते. 316 वर लागलेला स्वर 300 वर उतरवला जातो. पंचमात मात्र फरक जेमतेम 2 सेंटचा, म्हणून तिथे काही जाणवत नाही. यातून एक विचित्र गोष्ट घडते. ज्या गायकाचा कान तयार आहे त्याच्या गाण्यात यंत्राला जास्त 'चुका' सापडतात, आणि की-बोर्डच्या ट्रॅकवर गायची सवय असलेल्याच्या गाण्यात कमी. पडद्यावरच्या रेषा पाहून गाण्याची पारख करू नका, असे म्हणण्यामागे भाबडेपणा नाही, हे आकडे आहेत.

स्थिर स्वरांची ही कथा, तर हलत्या स्वरांची त्याहून वाईट. दरबारी कानड्याचा गंधार एका जागी उभाच राहत नाही, तो आंदोलित असतो आणि बारा घरांतल्या कोमल गंधाराच्या खालीही उतरतो. मींडेत गळा दोन स्वरांच्या मधल्या सगळ्या जागांवरून जातो. कणस्वर तर इतका अल्प असतो की यंत्राला तो मुख्य स्वराची सुरुवातीची चूक वाटते. हे शास्त्रीय गायकांचे लाड आहेत, आम्ही तर साधी भक्तिगीते करतो, असे कुणी म्हणेल. पण वारकरी चालींत, कीर्तनाच्या आर्जवात, लावणीच्या मुरक्यांत हेच सगळे आहे, फक्त त्याला कुणी नावे देत नाही. पोवाड्यात तर शाहीर स्वर खालून उचलून वर फेकतो आणि ओळीचा शेवट बोलण्यागाण्याच्या सीमेवर सोडून देतो. शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. त्यांच्यासारख्या खड्या आवाजाचा पोवाडा आपोआप चालणाऱ्या दुरुस्तीतून काढला, तर फेक नाहीशी होऊन उरतील त्या नुसत्या पायऱ्या. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते ज्यांनी कॅसेटवर ऐकली आहेत त्यांनी मनातल्या मनात हा प्रयोग करून पाहावा.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. पेटीसुद्धा बारा घरांचीच की! ती चालते, मग सॉफ्टवेअर का नको? हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक लिहिले आणि पुढे ई. क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याबरोबर श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला, तो पेटीच्या याच उणिवेपायी. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. तरी भजनी मंडळे, कीर्तनकार, नाटक मंडळ्या आणि मैफली यांनी पेटी सोडली नाही, आणि ते बरेच झाले. कारण पेटी गाणाऱ्याच्या बाजूला बसते. गायकाने गंधार 14 सेंट खाली लावला तर पेटी त्याला अडवत नाही. वाजवणारा जाणता असेल तर त्या जागेवर हात हलका ठेवतो. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर बाजूला बसत नाही, ते स्वरच बदलते. साथ आणि सक्ती यांत जो फरक, तोच इथे आहे. त्यामुळे पेटी चालते म्हणून आपोआप दुरुस्तीही चालेल, हा युक्तिवाद टिकत नाही.

याचेच पुढचे टोक म्हणजे, बावीस श्रुतींची घरे सॉफ्टवेअरला दिली तर? तशी सोय काही साधनांत आहे. ऑटो-ट्यूनच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय नावाची बावीस स्वरांची मांडणीही होती. मुंबईच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणली आहे, तेव्हा गणिताची अडचण नाही. अडचण यंत्राच्या स्वभावाची आहे. दोन श्रुतींमधले सर्वांत लहान अंतर सुमारे 22 सेंटचे. एका स्थिर वाटणाऱ्या स्वरातही गळ्याचा हेलकावा अनेकदा याहून मोठा असतो. म्हणजे घरे जितकी जवळजवळ, तितका स्वर चुकून शेजारच्या घरात जाण्याचा संभव अधिक. एकच लांबवलेला गंधार दोन श्रुतींमध्ये टकटक करू लागतो. पेटीवर कोणती पट्टी दाबायची ते वादक ठरवतो, म्हणून तिथे बावीस श्रुती उपयोगी पडतात. यंत्राला मात्र 'जवळचे ते योग्य' एवढेच कळते.

मग करायचे काय? सुरुवात पट्टीपासून करा. आपल्याकडे गायक 'माझी काळी चार' किंवा 'पांढरी दोन' असे सांगतो आणि रेकॉर्डिंग करणारा तेवढ्यावर सॉफ्टवेअरमध्ये जीशार्प किंवा डी निवडून मोकळा होतो. इथे पहिली फसगत होते. सॉफ्टवेअर मध्य सप्तकातला ए हा स्वर 440 कंपनांचा धरते. मंडळाची जुनी पेटी 440 वरच असेल याची खात्री नसते. सूर वर्षानुवर्षे सरकलेले असतात, कधी कारागिराने मुद्दाम चढे लावलेले असतात. पेटी 445 ची असेल तर ती सॉफ्टवेअरपेक्षा सुमारे 20 सेंट चढी आहे. गायक पेटीशी अचूक मिळून गायला, सॉफ्टवेअरने त्याला 440 च्या घरात ओढले, की तो पेटीच्या मानाने 20 सेंट उतरला. आधी सुरात असलेले गाणे दुरुस्तीने कणसूर झाले, आणि दोष मात्र गायकावर येतो. उपाय सोपा आहे. गाणे सुरू करण्यापूर्वी नेहमीच्या दाबाने भाता चालवून पेटीचा षड्ज, पंचम आणि तार षड्ज थोडा थोडा वेळ एकेकटे रेकॉर्ड करा. डीएडब्ल्यूमधला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला, ट्यूनर लावून किती सेंटचा फरक दिसतो तो लिहून ठेवा. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भस्वर बदलण्याची सोय असतेच. तिथे तेवढा फरक भरा. तानपुऱ्याचे अ‍ॅप वापरत असाल तर तेही पेटीशी जुळवून घ्या. तिन्ही स्वरांत वेगवेगळा फरक निघाला, तर मात्र सॉफ्टवेअर बंद करून पेटी कारागिराकडे पाठवा.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि अक्कलकोट रोडच्या आसपास काम करणाऱ्यांनी हिच्यावर सर्वाधिक वेळ घालवावा. स्वर मोजणारे गणित एका वेळी एकच गळा आहे असे धरून चालते. आवाजात मागांची घरघर, पंख्याचा सूर किंवा वीजपुरवठ्याची 50 आणि 100 कंपनांची घूं मिसळली की मापन डगमगते. कधी स्वर एकदम एक सप्तक खाली मोजला जातो. त्याहून वाईट असे की स्वर हलवला की त्याच्यासोबत मागची घरघरही हलते. गायक थांबला की घरघर मूळ उंचीवर, गायला लागला की जरा वर, पुढच्या स्वराला जरा खाली. हेडफोनवर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी पोहते आहे असे वाटत राहते. दुरुस्तीनंतर आवाज 'पाण्यातला' वाटतो अशी तक्रार केली जाते, तिचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसून खोलीत असते.

सोलापुरात एक फायदा मात्र फुकटात मिळतो. जाड चादरी आणि टॉवेल, ज्यांना भौगोलिक मानांकनही आहे, भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगले तर खोलीतला घुमारा चांगला मरतो. घुमारा कमी झाला की आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या स्वरात मिसळत नाही आणि यंत्राचे मापन सुधारते. पण कापड बाहेरून येणारा आवाज अडवत नाही, विशेषतः मागांची खालची घरघर; ती जमिनीतून आणि भिंतींतून येते. तिच्यासाठी कापडावर कापड टांगण्यापेक्षा वेळ बदलणे बरे: शेजारच्या शेडची सुट्टी किंवा पाळी बदलण्याची वेळ विचारून घ्या. माइकचा विचारही वेगळा करावा लागतो. शांत स्टुडिओत कंडेन्सर माइक उत्तम, पण तो शेजारचा मागही तितक्याच प्रेमाने टिपतो. गजबजाटात चांगला डायनॅमिक माइक ओठांपासून चार-सहा बोटांवर ठेवून गाऊन घेतले तर वरच्या स्वरांतली थोडी झळाळी जाते, पण गळा आणि घरघर यांच्यातले अंतर वाढते. दुरुस्ती करायची असेल तर हा सौदा पत्करावा. जोडीला 80 कंपनांच्या खालचे गाळून टाका. पुरुषांच्या काळी एकचा षड्ज सुमारे 139 कंपनांचा असतो, त्यामुळे 80 च्या खाली गाळले तरी तो सहसा सुखरूप राहतो. 24 बिट, 48 हजारांचा सॅम्पल रेट आणि सर्वांत मोठ्या ओळीलाही 10-12 डेसिबल जागा शिल्लक, एवढे पाळले की तांत्रिक बाजू पुरे.

मंडळ एकत्र बसवून, टाळ-पखवाज-पेटीसह एकाच खोलीत रेकॉर्ड केले असेल, तर सूरदुरुस्तीचा विचार सोडून द्या. गळ्याच्या माइकमध्ये पेटी झिरपलेली असते. गळा 30 सेंट हलवला की ती पेटीही हलते आणि मूळ पेटीशी भांडू लागते. सामूहिक गाण्याची रंगत सरळ स्वीकारावी, किंवा मुख्य गायकाचा ट्रॅक नंतर वेगळा घ्यावा. यात मधला मार्ग नाही.

गाताना गायकाच्या कानात दुरुस्त झालेला आवाज सोडायचा का, हा प्रश्न सध्या बराच निघतो, कारण लगोलग दुरुस्ती करणारी साधने स्वस्त झाली आहेत. माझे मत स्पष्ट आहे: सोडू नये. गळा कानावर चालतो. आपण उतरलो हे कानाला कळले तरच गळा सावरतो. दुरुस्त आवाज ऐकणारा गायक आणखी बेफिकीर होतो आणि मूळ ट्रॅक बिघडत जातो. शिवाय विलंबाचा त्रास. 48 हजारांच्या सॅम्पल रेटला 128 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद, तर 1024 चा म्हणजे 21. त्यात दुरुस्तीच्या प्लगइनचा स्वतःचा वेळ मिळवा. गाताना बफर लहान ठेवा आणि कानात तानपुरा, ठेका नि गायकाचा कोरा आवाज द्या. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून गाणाऱ्याला तसे गाऊ द्या. दुरुस्तीला बसाल तेव्हा बफर वाढवा.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. तिचा क्रम पुष्कळ जण चुकवतात. आधी तीन-चार टेकमधून ओळीओळीने चांगले तुकडे निवडून एक ट्रॅक बांधा. मग तालाचे सरकवणे. त्यानंतर सूर. इक्वलायझर, कम्प्रेसर, रिव्हर्ब हे सगळे सुरानंतर, कारण रिव्हर्ब लागलेल्या आवाजात दोन स्वर एकावर एक असतात आणि मापन कोलमडते. मूळ ट्रॅकची एक प्रत हात न लावता, म्यूट करून, प्रोजेक्टमध्येच ठेवा. मेलोडाइन वापरणाऱ्यांनी एआरए ही जोडणी वापरावी. मेलोडाइन बनवणारी सेलेमोनी आणि स्टुडिओ वन बनवणारी प्रीसोनस या कंपन्यांनी 2011 मध्ये ती आणली, आणि आता स्टुडिओ वन, क्यूबेस, लॉजिक, रीपर यांत ती चालते. तिच्यामुळे गाणे आधी पूर्ण वाजवून मेलोडाइनमध्ये उतरवून घ्यावे लागत नाही आणि नंतर तुकडा सरकवला तरी दुरुस्ती त्याच्यासोबत सरकते. मेलोडाइन नसेल तर अडत नाही. लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, क्यूबेसमध्ये व्हॅरिऑडिओ, एफएल स्टुडिओत न्यूटोन, रीपरमध्ये रीट्यून आहे. रीट्यूनच्या हाताने दुरुस्ती करण्याच्या खिडकीत भक्तिगीताचे बरेचसे काम भागते.

काम सुरू करण्यापूर्वी पडदा झाकून गाणे एकदा पूर्ण ऐका आणि जिथे कान खटकला तेवढ्याच जागा कागदावर लिहा. यानंतरच पडदा उघडा, आणि कागदावरच्या जागांपलीकडे हात घालू नका. पडद्यावर वाकडी दिसणारी प्रत्येक रेषा सरळ करण्याचा मोह जबर असतो, आणि गाणी बहुधा त्या मोहापायीच निर्जीव होतात. खटकलेल्या जागेत चूक कोणती ते ओळखा. लांबवलेला स्वर शेवटी हळूहळू उतरला असेल तर संपूर्ण स्वर उचलायचा नाही. मेलोडाइनमध्ये पिच ड्रिफ्टचे साधन फक्त हा संथ उतार कमी करते आणि कंप तसाच ठेवते. हे साधन एसेन्शियल या सर्वांत स्वस्त आवृत्तीत नाही, असिस्टंटपासून पुढे आहे. विकत घेताना हे पाहावे. संपूर्ण स्वर खाली बसला असेल तर तो उचला, पण घरात चिकटवू नका. मागचा तानपुरा सुरू ठेवून, घराला चिकटण्याची सोय बंद करून, सेंट सेंट सरकवत कानाला मिळेल तिथे थांबा. शुद्ध गंधार, धैवत, निषाद यांच्या बाबतीत ती जागा पियानोच्या घराखाली दहा-पंधरा सेंटवर सापडली तर दचकू नका. मींड, मुरकी, आंदोलन यांचे ठिपके सॉफ्टवेअर कापून तुकडे करते. ते तुकडे जोडून घ्या किंवा तसेच सोडा. स, श, च यांसारख्या व्यंजनांना सूर नसतो, त्यांना हात लावला की जीभ अडखळल्यासारखी वाटते. मेलोडाइनच्या 2020 च्या पाचव्या आवृत्तीपासून ती आपोआप वेगळी राहतात, इतरत्र ती स्वतः कापून बाजूला ठेवावी लागतात.

आपोआप दुरुस्ती कुठेच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. की-बोर्डच्या तयार ट्रॅकवरचे, सरळ चालीचे, नाचाचे गाणे असेल तर ते मुळातच बारा समान घरांत बांधलेले असते. तिथे यंत्राची घरे आणि गाण्याची घरे एकच. कोरसचेही तसेच: मागे गाणारे पाच-सहा आवाज हलक्या दुरुस्तीने एकत्र बसतात आणि कुणाचे काही हरवत नाही. अशा वेळी बारा स्वरांऐवजी गाण्यात प्रत्यक्ष येणारे स्वर तेवढेच निवडा. रिट्यून स्पीड, म्हणजे दुरुस्तीचा वेग, 0 वर असेल तर स्वर तत्काळ उडी मारतो. तो संथ ठेवा. मुद्दाम यांत्रिक आवाज हवा असेल तर तो उघड करा, चोरून नको. लग्नाच्या वरातीच्या गाण्यात तो शोभतो. हरिपाठात शोभत नाही, ही माझी आवड म्हणा हवी तर.

राहिला फसवणुकीचा आक्षेप. सॉफ्टवेअरने सूर लावणे म्हणजे खोटेपणा, पूर्वीचे गायक एका दमात गात, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. टेपच्या काळातही वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडले जात, एखादी ओळ पुन्हा गाऊन घेतली जाई, टेपचा वेग बदलून पट्टी हलवली जाई; आवाजाची उंची बदलणारे इव्हेंटाइडचे यंत्र 1975 च्या सुमारास स्टुडिओंत आले. रेकॉर्डिंग ही कधीच मैफलीची नक्कल नव्हती. पंढरीच्या वाटेवर बारा दिवस गाऊन बसलेल्या गळ्याची एक सुंदर ओळ एका उतरलेल्या स्वरापायी टाकून देण्यात कसला प्रामाणिकपणा? प्रश्न खोटेपणाचा होतो तो वापराच्या जागेवर. आकाशवाणीच्या श्रेणी चाचणीला, स्पर्धेला, किंवा जिथे पुढे प्रत्यक्ष गायचे आहे अशा कार्यक्रमाच्या नमुन्याला दुरुस्त केलेला आवाज देऊ नये. आणि गायकाला न सांगता त्याचा सूर बदलू नये. आवाज त्याचा आहे. त्याने 'मी तिथे मुद्दाम उतरलो होतो' म्हटले तर मूळ परत ठेवा.

'गिऱ्हाइकाला घाई असते, एकेक स्वर कोण पाहत बसणार' हा शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप. त्याला उत्तरही व्यवहारीच आहे. कान खटकलेल्या जागाच दुरुस्त केल्या तर हाताचे काम वाटते तितके लांबत नाही. वेळ खातात त्या वाईट रेकॉर्डिंगमुळे बिघडलेल्या जागा. ओळ खूपच गेली असेल तर अर्धा तास दुरुस्ती करण्यापेक्षा गायकाला पाणी देऊन ती पुन्हा गाऊन घेणे दर वेळी लवकर होते. म्हणून गायक खोलीतून निघण्यापूर्वीच ते कागद-पेन्सिलीचे ऐकणे उरकून घ्या, आणि फाइल देताना दुरुस्तीसह पक्की केलेली व मूळ कोरी अशा दोन्ही प्रती द्या. नव्याने खोली थाटत असाल तर महागडे सूरदुरुस्तीचे सॉफ्टवेअर खरेदीच्या यादीत शेवटी ठेवा. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, मग एक चांगला डायनॅमिक माइक, मग पेटीची दुरुस्ती; डीएडब्ल्यूमध्ये आलेले साधन आणि ग्रायलॉन किंवा एमऑटोपिच या प्लगइनच्या मोफत आवृत्त्या यांवर पहिले वर्ष आरामात निघते.